घोडीला घातलेलं आंबोण

घोडीला आंबोण मी घातलं होतं. हे एवढं वाक्य मी दोन वर्षं गिळून बसलो, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो.

फोंडाघाटाच्या बाजूला, धरणाच्या पाण्याला लागून आमची काजूची बाग आहे. हिवाळ्यात मी तिथे पर्यटकांसाठी तंबू लावतो. घाटावरचा एक घोडेवाला, माझ्याहून बराच तरुण, दरवर्षी तीन घोडी घेऊन खाली उतरायचा आणि काजूंखालीच मुक्काम करायचा. सकाळी पाहुणे घोड्यावर बसून पाण्याच्या कडेकडेने, मग बागांतून वर कातळावर जाऊन यायचे.

त्याचा एकच नियम होता. घोड्यांना चंदी, म्हणजे दाणा, तोच घालणार. "भाऊ, काय बी द्यायचं झालं तर माझ्या हातनं," असं त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं आणि मला ते लागलं. माझं आयुष्य गोठ्यात गेलं. जनावराला काय घालायचं ते हा मला शिकवणार?

त्या दुपारी तो नालाचे खिळे आणायला बाजारात गेला होता. त्याच्या लाडक्या घोडीने सकाळपासून दोन फेऱ्या केल्या होत्या आणि तिच्या बरगड्या मला मोजता येत होत्या. नांगरातून सुटलेल्या बैलाला आम्ही जे घालतो तेच मी तिला घातलं. कोंडा, पेज आणि पाहुण्यांच्या जेवणातला उरलेला भात कालवून बालदीभर आंबोण. तिने बालदी चाटून पुसून रिकामी केली. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटलं.

तास-दोन तासांनी ती पुढच्या पायाने माती उकरू लागली. मान वळवून सारखी पोटाकडे बघायची. मग खाली बसली. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, हिला काही होतंय का? मी म्हटलं, दमलीय, बसू दे, आमचे बैलही असेच बसतात. बसलेलं जनावर म्हणजे सुखात असलेलं जनावर, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं. मग ती पाठीवर लोळायला लागली आणि पाहुणे हसत हसत मोबाईलवर तिचं शूटिंग करू लागले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. पण त्यांना हसायची मुभा माझ्याच तोंडाने दिली होती.

तो परत आला तेव्हा त्याने लांबूनच ओळखलं. हातातली पिशवी टाकून धावला, तिला उठवलं आणि पाण्याच्या काठाने फिरवत राहिला. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, काय खाल्लं हिने? त्याने सकाळची चंदी सांगितली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. डॉक्टर म्हणाले, घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं आतच फुगतं. तेव्हाही मी गप्प राहिलो. आणि बोललो तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर त्याच्यावरच ओरडलो.

"जनावर सांभाळता येत नसेल तर आणतोस कशाला?"

तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत होता. म्हणाला, "उन्हातनं आल्यावर पाणी लवकर पाजलं असंल. माझीच चूक हाय, भाऊ."

घोडी वाचली. दोन दिवसांनी तो तिन्ही घोडी घेऊन घाट चढून गेला. त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून मला एवढंच ऐकवलं, "ती बालदी मियां धुतलंय. त्येका सांगूक व्हया तुमी." मी तिच्यावरही चिडलो.

पुढच्या हिवाळ्यात तो आला नाही. दिवाळीला मात्र त्याचा फोन आला. माझ्यामुळं तुमच्या पाहुण्यांपुढं तुमची मान खाली गेली, माफ करा, असं तो म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच. चूक माझी आणि माफी तो मागत होता. फोन ठेवल्यावर मला त्याचाच राग यायचा. हा माणूस एकदा तरी मला उलटून का विचारत नाही?

दुसऱ्या फोनवर त्याने सहज म्हणावं तसं सांगितलं की घरी चंदी आता वडील घालतात. त्याच्या हातावर त्यांचा भरवसा राहिलेला नाही. घोड्यांच्या घरातल्या माणसाचा हातच मी काढून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी घाट चढलो. वडील घोडीसमोर टोपलं धरून उभे होते आणि तो चार पावलं मागे, हात बांधून. मला बघून त्याने चहा टाकायला सांगितलं. त्याला एकट्याला बाजूला नेऊन सांगावं, असा मोह शेवटपर्यंत होता. तेवढ्याने माझं भागलं असतं, त्याचं नाही.

"आबा," मी वडिलांना म्हटलं, "त्या दिवशी घोडीला बालदीभर आंबोण मी घातलं. हा बाजारात होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि चारचौघांत यालाच बोललो. याच्या हातून काही चुकलं नव्हतं."

मग मी त्याच्याकडे वळलो.

"माझं चुकलं. मला माफ कर."