दसऱ्याचे नवे बूट

कॅनव्हासच्या बुटांचे खोके माझ्या दवाखान्यात छताला टेकले होते आणि काळेसाहेब मला बजावत होते, "सिस्टर, खंडेनवमीपर्यंत एकही खोका उघडायचा नाही."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी नर्स होते, काळेसाहेब पर्सोनेल मॅनेजर. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून आमच्या कामगारांची सहल निघायची. कोकणात चार दिवस पायी. आदल्या वर्षी अर्धी मंडळी लंगडत परतली आणि सिक लीव्हमुळे पॅकिंगची लाइन बंद पडली. या खेपेला वरून निरोप होता : पायांपायी एकाचीही रजा पडली, तर सहल कायमची बंद.

म्हणून बूट आले होते. साहेबांचा बेत असा, की खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की बूट वाटायचे, फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून निघायचं.

"साहेब, कोरे बूट घालून पहिल्याच दिवशी घाट चढवणार?"

"अहो, फोटोत पांढरेशुभ्र दिसायला नकोत?"

"मग लंगडतानाचाही एक काढून ठेवा. शेवटची सहल म्हणून लावता येईल."

साहेब हसले नाहीत. मी सरळ समजावलं. नवा बूट टाचेशी कडक असतो. पाय आत घासतो, घामाने कातडी मऊ पडते, तिचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तो फोड. फुटला, धूळ गेली, की पू आणि रजा. यावर औषध एकच, बूट आधी पायाला बसवायचा.

"बूट आज वाटा. फोटोच्या दिवशी ते पांढरे दिसतील, शाळेतली मुलं लावतात ते पॉलिश लावून घेते."

"आणि रजा पडलीच तर?"

"वर माझं नाव सांगा."

मी कामाला लागले. माप संध्याकाळी शिफ्ट सुटताना घेतलं, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात आणि चालतानाही सुजतात. नायलॉनच्या मोज्यांची तेव्हा फॅशन होती. ते बंद, सुती चालू. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. रविवारी आरे कॉलनीत गोठ्यांमधल्या चढांवर सगळ्यांना चालवलं. एक नियम पाठ करून घेतला : चुरचुरलं की तिथेच थांबायचं आणि चिकटपट्टी लावायची. बायका थांबायच्या. पुरुषांना लाज वाटायची, त्यांच्यावर ओरडावं लागायचं.

सावंत फिटर मात्र दर रविवारी जुन्या बुटांत. "नवे धुवन वाळत घातलंय, सिस्टर."

निघण्याआधी सगळ्यांचे बूट दवाखान्यात मागवले आणि उलटे करून पाहिले. सगळ्यांच्या तळव्यांवर शेण आणि माती. सावंतांचे तळवे कोरे, आत कागदाचा बोळाही तसाच.

"सावंत, हे काय?"

"नव्या वस्तूक दसऱ्याचो मान, सिस्टर. आणि सहल माझ्याच गावात संपतली ना. थंय नवे बूट घालून शिरूचा हा माका. मुंबैत इतकी वर्सां काय केलंय, लोकां पायांकडेच बघतत."

फिटर म्हणून हा माणूस एक नंबर. पण टाच कुणाचीही असो, कातडीच ती.

"यातून चार दिवस चाललात, तर तुम्हाला उचलून गावात न्यावं लागेल. ते लोकांना चालेल?"

सावंतांनी कागदाचा बोळा परत बुटात कोंबला. मग मीच तोड काढली. चालायचं जुन्या बुटांत, नवे पिशवीत. गावाच्या वेशीवर बदलायचे.

खंडेनवमीचा फोटो झकास आला. पॉलिशखाली आरे कॉलनी कुणाला दिसली नाही.

चार दिवस घाट, कातळ आणि वाळू. मी सगळ्यांच्या मागे चालायचे. वाळू लागली की बूट झाडायला लावायचे आणि मुक्कामी प्रत्येकाचे पाय स्वतः तपासायचे. चिकटपट्टीची रिळं संपली, पण फोड एकही नाही.

चौथ्या दिवशी गावच्या ओढ्याशी सावंतांनी पाय धुतले, नीट पुसले आणि पिशवीतून नवे बूट काढले. ओढ्यापासून त्यांच्या घरापर्यंत ते सगळ्यांच्या पुढे, मान ताठ ठेवून चालले. वाटेत दोन घरी उगाच थांबले. अंगणात पोचल्यावर बूट काढून ठेवले आणि हळूच मला म्हणाले, "सिस्टर, जरा टाच बघतास?"

चांगला टपोरा फोड होता. स्वच्छ करून पट्टी बांधली.

परतल्यावर पहिल्या शिफ्टला सगळे हजर. सावंत चप्पल घालून, पण हजर. काळेसाहेबांनी दवाखान्यात डोकावून विचारलं, "रजा किती?"

"एकही नाही."

"आणि फोड?"

"एक. माझ्या परवानगीने आलेला."

सहल पुढे चालू राहिली. पुढच्या वर्षीचे बूट गणपतीच्या आधीच वाटले गेले. साहेबांनी स्वतःसाठी दोन जोड मागवले, एक चालायला आणि एक फोटोला.