धाकटीचं पाणी

धाकटी स्वतः चाखल्याशिवाय पाणी कोणाला देत नसे. "आधी मी, मंग घर," म्हणायची आणि ओंजळभर पिऊन टाकायची. मला त्या ओंजळीचाच राग यायचा. तिच्या आधीपासून या घराला पाणी मी पाजत होते. कधी मिरवलं नाही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, अकोल्याची. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा आमच्या खेड्यात रंगाऱ्यांनी भट्ट्या लावल्या. त्यांचं पाणी मुरून गोड्या पाण्याची एकुलती विहीर नासली. बाकी सगळ्या खारट. पाणी निळसर दिसे, प्यायलं की मुरडा. एक वासरू दगावलं. मी तुरटी फिरवली, निवळीच्या बिया उगाळल्या, पुन्हा पुन्हा गाळलं. निळं ते निळंच.

तिचा भाऊ अकोल्याच्या तारघरात होता. त्यानं एक जुनी बॅटरी आणि लोखंडाच्या दोन पट्ट्या दिल्या. पट्ट्यांना बॅटरीच्या तारा जोडून धाकटी त्या पट्ट्या विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या मडक्यात सोडायची. बारीक बुडबुडे यायचे, मग गंजासारखा गाळ धरायचा आणि निळा रंग त्याच्याबरोबर खाली बसायचा. वरचं पाणी ती जाड कापडातून गाळून घ्यायची. मी घाई केली की म्हणायची, "बसू द्या गाळ, बाई. पाण्याले काय तुमचा धाक हाय?"

पोरांची पोटं दुखायची थांबली. रिवाजानं माझ्या नवऱ्याला धाकट्या भावाच्या बायकोशी बोलता येत नसे, म्हणून तो मलाच सांगे, "तिकडचं आण." मामंजी पाहुण्यांपुढे म्हणत, "सयपाक मोठीचा, पाणी धाकटीचं." लोकांना ती दोघींची तारीफ वाटे. भाकर काय, कोणत्याही घरी मिळते.

पुढे दिराला अकोल्याच्या कापूस बाजारात काम मिळालं. निघायच्या आधी धाकटीनं बॅटरी माझ्यापुढे ठेवली.

"घेऊन जा ना संग," मी म्हटलं.

"मामंजी तं इथंच हायेत," ती म्हणाली आणि मला तारा जोडायला बसवलं. माझा गाळ नीट बसेना तेव्हा हसली. "रागानं मडकं हालवून राहिल्या तुमी, बाई."

ती गेली. त्याच आठवड्यात मामंजी तापानं पडले. मी एकटीनं मडकं लावलं, गाळलं. पाणी आरशासारखं निघालं. पेला त्यांच्या ओठाला लावला. ते घटाघट प्यायले आणि डोळे न उघडता म्हणाले, "धाकटी आली काय वं?"

"नाई. मी केलं हे पाणी."

"बरं शिकवलं तिनं," म्हणाले आणि रिकामा पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.