खाटेखालचे मामा

आमच्या मामांइतका निश्चल पडून राहणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी कुठल्याही पत्रकात सहीनिशी छापायला तयार आहे. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर कापूस पारखला, आता देवळीला घरीच असतात. वर्षातून एकदा नागपूरच्या दवाखान्यात मेंदूचा एमआरआय काढायला जातात आणि उरलेलं वर्ष त्याची तालीम करतात. मधल्या खोलीत एक लाकडी खाट आहे. तिच्याखाली मामा छातीवर हात ठेवून उताणे पडतात आणि मामी वर बसून परातीवर लाटणं बडवते, कारण त्या मशीनमध्ये असाच ठणठणाट असतो म्हणे. एकदा बोरगाव मेघेहून सोयरे न कळवता आले. परातीचा आवाज आणि खाटेखालून बाहेर आलेली दोन पावलं पाहून त्यांच्यातल्या बाईंनी हंबरडाच फोडला. मामा बाहेर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "बसा, पाच मिनिटं. मी हाललो तं फोटो बिघडते."

मशीनजवळ धातू चालत नाही हे कळल्यापासून त्यांनी नाडीची, बिनगुंडीची खास बंडी शिवून घेतली आहे. कुठलं व्रत आहे, असं शिंप्यानं विचारलं, तर म्हणाले, चुंबकाचं. फिल्म हातात आली की ती खिडकीच्या काचेला लावून पारख सुरू होते. मेंदूचा आडवा काप त्यांना फुटलेल्या बोंडासारखा दिसतो. भराव पाहायचा, कडा पाहायच्या, मग मामीला ओरडून सांगायचं की यंदाही ग्रेड उतरला नाही. मला पाहायला आलेल्या मंडळींनी पत्रिका मागितली तेव्हा मामांनी हीच फिल्म पुढे केली. आमच्या घराण्याची खरी पत्रिका ही, म्हणाले. मंडळी परत आली नाहीत. पोहे मात्र संपवून गेली.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग जुना आहे आणि तो मोठ्या मामांवरून आहे. मामा ज्यासाठी हे फोटो काढतात, तो आजार आमच्याकडे रक्तातून चालत आलाय. आधी बोटं आपोआप नाचायला लागतात, मग पाय भरकटतात, शेवटी मन. मोठ्या मामांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. पण चालताना तोल जायचा, आणि दारूबंदीच्या आमच्या जिल्ह्यात निदान करायला डॉक्टर लागला नाही. कंडक्टरनं बसमधून उतरवलं, शिपायानं तोंडाचा वास घेतला, आणि गावातली सभ्य म्हणवणारी माणसं त्यांना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारायची, कुठं मिळते? माझं पहिलं पत्रक याच संतापात लिहिलं गेलं: 'ही नशा नाही, आजार आहे. लपवू नका, तपासून घ्या.' देवळीच्या बसस्टँडवर ते मी स्वतः वाटलं. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पोरी, तपासून घ्या म्हनतं, अन् खाली तुहं नाव काऊन नाई? तू घेतलं काय तपासून?"

मी विषय बदलला. आई तर तपासणीचं नाव निघालं की भाजी करपते म्हणून आत जाते.

मामांच्या रक्तात दोष आहे हे आधीच कळलं होतं. तो जागा कधी होतो, एवढाच प्रश्न होता. यंदा फिल्म लावून मामा खिडकीशी बराच वेळ उभे राहिले आणि मामीला काहीच ओरडून सांगितलं नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हात ठीक आहेत, चाल ठीक आहे, पण जुन्या फोटोंशी ताडून पाहता मेंदूच्या मधला एक भाग किंचित आकसलाय. हातापायांना पत्ता लागण्याआधी फोटोला लागला. मी भडकले. औषध नसेल तर हे आधी कळून करायचं काय, असं खडसावणारं पत्रक मी उभ्या उभ्या मनात लिहूनही टाकलं.

मामा म्हणाले, "उद्या औषध निंगालं, तं ते कधीपासून द्याचं, हे कोनाच्या तरी फोटोतूनच समजन ना. माहे तं सालोसालचे हायेत." मग सगळ्या फिल्मांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "दादापाशी दाखवाले काही नव्हतं. मले कोनी दारुडा म्हनलं, तं तू हे दाखवजो."

पिशवी आता माझ्या कपाटात आहे. पत्रक नव्यानं छापलंय, खाली माझं नाव आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतःला तपासून घ्यायला नागपूरला जाणार आहे. अर्जावर सही माझीच.

रविवारी तालमीसाठी देवळीला गेले. या वेळी खाटेखाली मी. तिथे धूळ आहे आणि नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटते. मामांनी मामीला उठवलं, तिला लय नाही म्हणाले, आणि लाटणं स्वतः घेतलं. ठोके एकसारखे पडत होते. मग मध्येच एक चुकला. थोडा वेळ परात गप्प राहिली. मग पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात.

"हालली काय वं?" वरून मामांनी विचारलं.

बोललं तरी डोकं हलतं, हे त्यांनीच शिकवलंय. मी छातीवरचे हात तसेच ठेवले.