मशीनकाकूंची डबी

शिलाई मशीनचा आवाज ऐकला की काकूंना त्याचं दुखणं कळायचं. बॉबीन केस घासतेय, सुईचं टायमिंग चुकलंय की पट्टा सैल झालाय, हे त्या जिना चढता चढता सांगायच्या. रस्ता मात्र डोळ्यांसमोर पसरलेला असला तरी त्यांना कळायचा नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना त्या हमखास आधी औषधांच्या खोलीत जाऊन यायच्या आणि बँकेतून बाहेर पडताना मॅनेजरच्या केबिनमध्ये. बँकेचा मॅनेजर तर त्यांना बघून हातानेच दरवाजा दाखवायचा.

सव्वीस वर्षं यामुळे त्यांचं काही अडलं नव्हतं, कारण सव्वीस वर्षं व्हॅन काका चालवत होते. डोंगरापर्यंत विखुरलेले लहान-मोठे शिवणकारखाने, कुठे चार मशीनं, कुठे वीस. काकू मागे हत्यारांच्या पेटीशेजारी सुया निवडत बसायच्या आणि गाडी थांबली की मशीनं दुरुस्त करायला उतरायच्या. काकांच्या डोक्यात सगळा मुलूख छापलेला होता. गिऱ्हाइकं काकूंना मशीनकाकू म्हणत आणि त्यांना नकाशेकाका. नवीन माणसाने पत्ता विचारला की काका डोळे मिटून सांगत, आणि सांगताना त्यांचा उजवा हात गिअर बदलत असे.

मग काकांच्या नजरेच्या मधोमध डाग धरला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडीची किल्ली त्यांच्याकडून चक्क मागून घेतली आणि काकूंच्या हातात ठेवली; गाडी चालवणं त्यांनी कधीकाळी शिकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंघोळ करून, शर्ट इस्त्री करून काका व्हॅनमध्ये डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. म्हणाले, तू नुसतं चाक धर, रस्ता माझ्याकडे आहे.

रस्ता होता, पण पहिल्यांदा डोक्यात छापला गेला तेव्हाचा; मधले बदल ते चालवताना डोळ्यांनी सांभाळून घेत आले होते. निळ्या पेट्रोल पंपावरून उजवीकडे वळ, असं काका सांगायचे आणि तो पंप कधीच पाडलेला असायचा. लाकडाच्या वखारीनंतर दुसरा फाटा म्हणावं, तर वखारीच्या जागी चार मजली इमारत आणि फाट्याच्या जागी पूल. एका महिन्यात ते दोघं तीनदा एकाच कोंबड्यांच्या फार्मवर पोचले. तिसऱ्या वेळी फार्मवाल्याने न विचारता दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या. काकूंना हसू आवरेना. काका मात्र परत येताना खिडकीतून बाहेर बघत राहिले, म्हणजे बघितल्यासारखं करत राहिले.

त्याच सुमारास लेकीने तिचा जुना हातातला संगणक आईला पाठवून दिला. तिने स्वतःसाठी नवा घेतला होता. तळहाताएवढा, काडीने टोचून चालवायचा. त्यात गिऱ्हाइकांची यादी मावत होती आणि नकाशाही होता. काकूंनी चार दिवस त्यात डोकं घातलं आणि पाचव्या दिवशी लेकीला फोन केला, की यात सगळे रस्ते आहेत गं, पण मी यात कुठे आहे ते काही सापडत नाही. लेक म्हणाली, ते त्याला एकट्याला कळत नाही. त्यासाठी जीपीएस रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो. तो आकाशातल्या उपग्रहांचे संकेत पकडतो आणि संगणकाला जागा सांगतो. पण बघून घे, त्यात प्रकार असतात.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते एवढंच म्हणाले, की सव्वीस वर्षांनी घरात सवत येऊ शकते असं ऐकलं होतं, पण ती नवऱ्याला येते हे माहीत नव्हतं.

तरी दुकानात ते बरोबर गेलेच. रेडिओ, कॅमेरे, बॅटऱ्या विकणारं अरुंद दुकान होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पहिली संगणकाच्या खाचेतच बसणारी, टोपी घातल्यासारखी. दुसरी वायरवाली, चपटी, पोटात लोहचुंबक असलेली, गाडीच्या टपावर चिकटवायची आणि वायर आत घेऊन तिचं एक टोक विजेसाठी सिगारेट-लायटरच्या खाचेत खुपसायचं आणि दुसरं संगणकाला जोडायचं. तिसरी साबणाच्या वडीएवढी सुटी डबी. तिला स्वतःची बॅटरी होती आणि ती संगणकाशी बिनतारी बोलायची. दुकानदाराचा सगळा ओढा पहिलीकडे होता. सुटसुटीत, काकू, एकदा बसवली की विसरून जा, असं तो दोनदा म्हणाला.

काकूंनी ती बसवून बघितली. मग संगणकातून निघालेलं कार्ड हातात घेऊन विचारलं, की नकाशा तर या कार्डावर आहे, आता हे कुठे ठेवू? खाच एकच होती. दुकानदाराने मान खाजवली. शिवाय ती टोपी संगणकाचीच वीज पिणार होती, आणि हत्यारांच्या पिशवीत पक्कडीशेजारी ती किती दिवस शाबूत राहील, हे काकूंना न सांगताही दिसत होतं. पहिली बाद झाली.

उरलेल्या दोन्ही एक दिवस वापरून बघते, मग एक घेते, असं त्या म्हणाल्या. न चालवता मशीन घ्यायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम होता. दुकानदाराने हात जोडले. दुकानाबाहेर माल देता येत नाही, दिला तर परत येताना ओरखडे घेऊन येतो, असं त्याने समजावलं. काकू ऐकत होत्या, पण त्यांची नजर छताकडे गेली होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी शिवत होतं.

"वर कोण शिवतंय?" त्यांनी विचारलं.

"आई. का हो?"

"दर सातव्या-आठव्या टाक्याला दोरा तुटतोय त्यांचा. ऐका ना, थांबल्या बघा."

दुकानदाराने वर कान लावला. मशीन थांबलं होतं आणि वरून त्या मशीनला उद्देशून काही मोजके शब्द आले. काकू गाडीतली पेटी घेऊन वर गेल्या. वरचा दोरा पकडणाऱ्या शटलच्या टोकाला कधीतरी सुई आदळून बारीकसा ओरखडा पडला होता. तो त्यांनी पॉलिश कागदाने घासून काढला, टायमिंग जुळवलं, पंधरा मिनिटांत खाली आल्या. त्यांच्या मागोमाग दुकानदाराची आई आली आणि मुलाला म्हणाली, या बाई काय मागतील ते दे. दुकानदाराने दोन्ही रिसीव्हर पिशवीत घातले.

कुठे तपासायचं, हे सांगितलं काकांनी. दुकानात ते स्टुलावर पाठ फिरवून बसले होते. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, मोकळ्या मैदानात कुणीही हुशार असतं. नदीकाठच्या जुन्या रस्त्याने घे. तिथे चार किलोमीटर झाडांनी आभाळ झाकलंय, एका बाजूला कडा आहे. तिथे काय ते कळेल.

कळलं ते काकांच्या मनासारखं. टपावरच्या वायरवालीने झाडीतही ठेका सोडला नाही; पडद्यावरचा बाण गाडीबरोबर शहाण्यासारखा सरकत राहिला. डबीचं तसं नव्हतं. आधी तर तिला जागं व्हायलाच चार मिनिटं लागली. मग झाडीत तिने दोन मिनिटं मौन धरलं, आणि बोलली तेव्हा व्हॅन नदीच्या मधोमध दाखवली.

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

"आपण पाण्यात आहोत."

"दार उघडू नकोस मग," काका म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खुशीत होता. वायरवाली घे, हा त्यांचा निकाल होता.

काकूही जवळजवळ त्याच मताच्या झाल्या होत्या. पण वाटेत एका कारखान्यात त्यांचं काम होतं. गाडी उभी करून पुढे पायऱ्या, बोळ, कुणाच्या तरी परसातून रस्ता, परत पायऱ्या. काकू पेटी घेऊन निघाल्या आणि नेहमीप्रमाणे चुकल्या. दहा मिनिटं फिरून त्या एका अनोळखी मोरीपाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की घोडं इथे पेंड खातंय. गाडी काय, विचारत विचारत पोचते. आपण हरवतो ते गाडीतून उतरल्यावर. वायरवाली टपावर चिकटून बसलेली होती. डबी पिशवीत होती. आभाळाखाली धरताच तिने त्या कुठे उभ्या आहेत ते पडद्यावर बरोब्बर दाखवलं.

परत आल्यावर त्यांनी काकांना सांगितलं, की डबीच घेते.

"झाडीत आंधळी होते ती," काका म्हणाले.

"होऊ दे. झाडीत मी गाडीतच असते, रस्ता एकच आहे. पायी जाताना कोण सांगणार?"

"गाडीसाठी वायरवाली बरी, असं मी म्हणतोय. मी गाडीतच बसणार ना."

हे काकांनी अगदी सहज म्हटलं, आणि काकूंच्या हातातली किल्ली तशीच राहिली. पूर्वी काका गाडी लावून प्रत्येक कारखान्यात यायचे, मालकाशी गप्पा मारायचे, शिवणाऱ्या मुलींना कुठल्या बसने जाता ते विचारायचे. गेले तीन महिने ते गाडीत बसून राहत होते, आणि त्यांना थकवा येत असेल असं काकू समजत होत्या.

"तुम्ही कशाला गाडीत बसाल?" त्या म्हणाल्या. "पेटी माझ्या हातात, संगणक माझ्या हातात. डबी कोण धरणार? तिला आभाळ दिसलं पाहिजे. तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवू."

घरी पोचेपर्यंत काकांनी खिशाचं बटण दोनदा लावून काढून पाहिलं.

डबीच घेण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते काकूंनी दुकानदाराला सांगितलं. तिचं मागचं झाकण नखाने निघत होतं आणि आत साध्या मोबाइलची बॅटरी होती. ज्याचं पोट उघडता येत नाही असलं यंत्र त्यांना घरात नको होतं.

खरी परीक्षा झाली ती दीड महिन्याने. डोंगरावरच्या एका कारखान्यात शाळांच्या गणवेशांचं काम चालू होतं आणि सोळांपैकी नऊ मशीनं टाके सोडत होती. रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. कारखाना चालवणाऱ्या ताईंनी फोनवर सांगितलं, की ओढ्याच्या काठाने पायवाट आहे, अर्धा तास लागेल. दोघं निघाले. पेटीचा पट्टा एका हाताने धरून काका मागून चालत होते, खिशात डबी. पोचल्यावर कळलं, की सुया बदलताना कुणीतरी भलत्याच नंबरच्या सुयांचं पाकीट फोडलं होतं. सुया बदलल्या, टायमिंग लावलं, आणि काका तोवर ताईंच्या सासऱ्यांबरोबर पडलेल्या झाडाचं वय काढत बसले होते.

उतरायला निघाले तर धुकं. समोरचा हात दिसेना. धुक्याचं डबीला काही वाटत नव्हतं. नकाशाच्या कोऱ्या भागात चढताना ठिपक्यांची रांग उमटली होती, तिच्यावरूनच काकू उतरत होत्या. एका ठिकाणी वाट फुटली. दोन्ही वाटा पंधरा पावलांच्या आत होत्या आणि ठिपके बरोबर दोन्हींच्या मधून गेलेले. झाडाखाली डबीने एवढी ढिलाई घेतली होती. काकू थबकल्या. चुकीच्या वाटेने कुठे जाऊ ते सांगता येत नव्हतं, आणि पाय निसरडे होते.

"अहो, दोन वाटा आहेत. ही कुठली सांगतेय ते कळत नाही."

काकांनी मान किंचित वळवली. चढताना पाणी डाव्या कानाला होतं, ते म्हणाले. मग उतरताना उजव्या कानाला हवं. काकूंना ते कधी लक्षातच आलं नव्हतं; त्या पडद्याकडे बघत चढल्या होत्या. उजव्या वाटेने दहा पावलं गेले, तिथे दगडांवरून ओढा ओलांडला आणि पाणी डावीकडे आलं. परत फिरले. डावी वाट धरली. पाणी उजवीकडेच राहिलं, आणि थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण पुन्हा ठिपक्यांवर बसला. पाऊण तासाने काकूंचा गुडघा व्हॅनच्या बंपरवर आपटला. त्यांना तो आवाज फार गोड वाटला.

गाडीत बसल्यावर दोघांनी थर्मासमधला कोमट चहा वाटून घेतला. कोण बरोबर होतं याची चर्चा कुणी काढली नाही. काका फक्त म्हणाले, की त्या फाट्याला खूण करून ठेव तुझ्या यंत्रात. नाव काय देऊ, असं काकूंनी विचारलं. उजवा कान दे, ते म्हणाले.

तिथून यादी वाढत गेली. प्रत्येक कारखाना, प्रत्येक पायवाट, गाडी वळवायला जागा कुठे आहे, कुठल्या दारातलं कुत्रं खरंच चावतं. काकू काडीने टोचत आणि काका सांगत. वर्षभरात यादी दोनशेच्या वर गेली. आधी दोऱ्यांचा घाऊक व्यापारी ती मागायला आला, मग बटणवाला, मग कुरिअरची दोन माणसं. काका त्यांना ओसरीत बसवून एकेक ठिकाण समजावून सांगायचे आणि नवीन काय बदललंय ते त्यांच्याकडून काढून घ्यायचे. कोंबड्यांच्या फार्मवरही एक खूण आहे. तिथे ते दोघं आता मुद्दाम थांबतात, खुर्च्या चांगल्या आहेत म्हणून.

डोळे काही सुधारले नाहीत. कडेचंही थोडं कमी झालं. पण कारखान्यात गेल्यावर काका आता मशीनचं चाक हाताने फिरवून बघतात आणि कुठे अडतंय ते बोटांनी शोधतात. दहांपैकी सहा वेळा बरोबर सांगतात, आणि उरलेल्या चार वेळा वाद घालतात.

गेल्या आठवड्यात धरणापलीकडून फोन आला. नवीन कारखाना, तीस मशीनं. काकूंनी यादीत शोधलं, नकाशात शोधलं, आणि मग काकांना विचारलं.

"तिकडचं मला काहीच माहीत नाही," काका म्हणाले. "कधी गेलोच नाही मी त्या बाजूला." आणि निघायच्या तयारीला लागून ते बुटांना पॉलिश करायला बसले.