वानरं कशाला येत होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. ते गेले, आणि हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता त्या जागेवर स्लॅबचं घर उभं आहे आणि कौलांचं नावही कुणी काढत नाही, म्हणूनही असेल.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. चौकस हा माझा शब्द हं — आई म्हणायची, हिला जिथे तिथे नाक खुपसायला हवं. मांजर पाणी कसं पितं, कुलुपाच्या आत काय असतं, शेजारची सून माहेरून इतक्या लवकर का परतली... मला सगळंच पाहायचं असायचं. त्यातूनच पुढचं सगळं झालं. पण दोष चौकसपणाचा नाही, तो वेगळाच आहे. येते तिथपर्यंत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतला भिसेगावात आमचं घर होतं. म्हणजे अर्धं आमचं. दोन घरं, मधे एक भिंत, वर एकच आढं — या उतारावरची कौलं आमची, त्या उतारावरची तुकारामभाऊंची. तुकारामभाऊ साजगावच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. बायको वारलेली, मंदा नावाची शाळकरी मुलगी. त्यांच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं. मंदाच्या आईने लावलेलं. तिचा फोटो घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता; त्यामुळे मंदा त्या झाडालाच 'आईचं झाड' म्हणायची.

आणि वानरं होती. डोंगराकडून उतरणारी, काळ्या तोंडाची. त्यांच्यात एक अर्ध्या शेपटीची म्हातारी होती. तिला मी एकदा शेंग दिली. तिने ती सोलली, दाणा खाल्ला आणि टरफल — खरंच सांगते — उलटंसुलटं करून पाहिलं, आत अजून काही राहिलंय का म्हणून. झालं! मला माझ्याच जातीचं कुणीतरी भेटलं. रोज दुपारी हे कचेरीत गेले की मी पदरात शेंगा घेऊन मागच्या दारात. हळूहळू सगळा कळप यायला लागला. खाणं आटोपलं की कौलांवर उड्या. धाड, आणि कौल फुटायचं.

आमच्या बाजूचं फुटलं की ह्यांना कळायच्या आत मी माणूस बोलावून बदलून घ्यायची. भाऊंच्या बाजूचं? तेही ऐकू यायचं मला. भाऊ कामावर, मंदा शाळेत, ऐकणारी मी एकटीच. आज सांगू, उद्या सांगू. पण सांगितलं की ते विचारणार ना, वानरं इकडं एवढी कशाला येतात? म्हणून मूग गिळून बसले.

वैशाखात एका दुपारी असं वादळ सुटलं, की दोन्ही उतारांवरची निम्मीअधिक कौलं उडाली. आमची घरं कर्जावर घेतलेली, आणि कर्जाबरोबर घराचा विमा सक्तीचा — आगीचा, त्यालाच जोडलेला वादळाचा. मला तर तोवर विमा फक्त माणसाचाच असतो असं वाटायचं. घराचा विमा म्हणजे काय, घर मेलं हे ठरवायचं कुणी?

ते ठरवायला विम्याचा सर्व्हेअर आला. छत्री, मळकी पँट, बोलका माणूस. मी त्याच्या मागे मागे. तोही खुशीत येऊन सांगत होता. वारा कौल कडेने उचलतो आणि अंगणात फेकतो. जी धड सापडतात ती पुन्हा चढवायची, त्यांचे पैसे नाहीत. वासे जुने, म्हणून त्यांची किंमतही कमी धरायची. मग तो भाऊंच्या माळ्यावर चढला आणि दोन तुकडे घेऊन उतरला. एकाची तुटलेली कड लालभडक. दुसऱ्याची काळपट, धूळ बसलेली. लाल म्हणजे वादळातलं. काळी म्हणजे आधीच फुटून आत पडलेलं. अशा भोकांतूनच वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो, म्हणाला. मला केवढी गंमत वाटली! पण ती तेवढ्यापुरतीच.

कारण तो भाऊंकडे वळला होता. ही आधीची भोकं तुम्हाला ठाऊक होती का? ठाऊक नसतील तर क्लेम वादळाचाच धरता येईल. ठाऊक असून तशीच ठेवली असतील तर तो हलगर्जीपणा, मग फारसं काही मिळणार नाही. एवढाच प्रश्न होता. त्यावर त्या घराचं छप्पर होतं, आणि पावसाळा तोंडावर आला होता.

"मी दिसभर कारखान्यात असतो, सायेब," भाऊ म्हणाले. "वयनींना इचारा. त्या घरी असतात. त्या सांगतील ते खरं."

त्या सांगतील ते खरं.

मी काय सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय. पण मला दिसत होते आमचे हे, आमचा क्लेम, आणि 'वानरं पाळते ही बाई' म्हणून हसणारी आळी. मी म्हणाले — त्यांच्या पेरूवर वानरं येतात. मी कितीदा सांगितलं, कौलं फुटलीत म्हणून. ते लक्षच देत नाहीत.

कितीदा! एकदाही नाही.

मला वाटलं, भाऊ आता चिडतील, खोटं बोलता म्हणतील. त्यांनी कपाळ चोळलं. "सांगितलं आसंल, सायेब," ते म्हणाले. "माज्याच ध्यानात ऱ्हायलं नाय."

माझा खोटेपणा त्यांनी स्वतःवर घेतला. मुद्दाम नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून. मला तेव्हाही बोलता आलं असतं. सर्व्हेअर अजून अंगणातच होता, चहा पीत. चहा मीच केला होता.

आमचा क्लेम मंजूर झाला. पावसाच्या आधी आमचा उतार नव्या कौलांनी लाल झाला. आढ्यापलीकडे भाऊंची ताडपत्री फडफडत राहिली. मंदाला पावसाळाभर मामाकडे ठेवलं; ती जाताना माझ्या पाया पडली. आणि त्याच आठवड्यात भाऊंनी कुऱ्हाड आणून पेरू तोडला. पुन्हा वानरं नकोत म्हणून. मी खिडकीतून पाहिलं. प्रत्येक घाव पाहिला. मला सगळंच पाहायचं असतं ना.

मंदा दिवाळीत आली तेव्हा बुंध्यापाशी बसून होती.

वानरं येतच राहिली. एका दुपारी मी मागच्या दारात उभी होते आणि अर्ध्या शेपटीची म्हातारी त्या बुंध्यावर बसून माझ्याकडे बघत होती. भाऊ पाळीवरून लवकर आले होते. कुंपणापाशी थांबले. त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं, रागबिग काही नव्हता.

"पेरू तोडला तरी येतात, वयनी. कशाला येत आसतील वो?"

"कोण जाणे," मी म्हणाले. पदरातल्या शेंगा मी मुठीत घट्ट धरल्या होत्या.