चार बोटं दुमड

"हात दाखव," ती स्वतःलाच म्हणायची आणि दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरायची. बोटं निळी. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. कोऱ्या कापडाचा रंग बोटांना लागला की साबणाला दाद देत नाही. मग मीठ, अर्धं लिंबू आणि घासणं. शेठ चिडवायचा, "आंटी, चमडी निकल जाएगी." पण बोटं उजळल्याशिवाय ती पांढऱ्या कापडाला शिवत नसे.

अंबरनाथला आमच्या चाळीत ती समोरच राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. चर्चमधल्या बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे सुट्टीच्या दिवशी ती शिवायची. आम्ही बौद्ध, म्हणून निळे हात माझ्यापुढे नाचवायची. "बघ, आठवडाभर तुमचा रंग. एक दिवस तेवढा माझा."

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. आपलं लक्ष त्यांच्या मशीनच्या आवाजापलीकडे जात नाही. माझं गेलं ते झग्याच्या खालच्या कडेवर. तासभर घालायच्या झग्याला ती चार बोटं दुमड ठेवायची. कशाला, असं मी विचारलं.

"बाप्तिस्म्याला लेकरू ख्रिस्त कपड्यासारखा अंगावर घेतं. तो काय एका दिवसाचा? अंगाबरोबर वाढायला नको?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. कुणी काय नेसायचं नाही, याचे नियम करून माणसं कशी चिरडली, ते मला पाठ होतं. ते सगळं तिला ऐकवलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "म्हणून तर सगळ्यांना एकच. डॉक्टरचं पोर असो की झाडूवाल्याचं, माझ्याकडे कापड एकच." उत्तर मला आवडलं होतं. तिला तसं सांगितलं नाही.

तिचा मुलगा माझा मित्र, आनंदनगरला कारखान्यात. त्यानं बौद्ध मुलीशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली, तेव्हा मावशीचा झगा आधीच शिवून तयार होता. बाप्तिस्मा करावा का, असं मित्रानं मला विचारलं. मी म्हणालो, पोरीवर कुणी काही लादू नये. मोठी झाली की तीच ठरवेल. त्यानं माझ्यासमोरच आईला तसं सांगितलं. मावशी भांडली नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग मोठा शिवावा लागेल."

दर वाढदिवसाला ती झगा पेटीतून काढायची आणि नातीच्या पाठीला लावून बघायची. आधी दुमड उसवली. ती संपल्यावर खाली पट्ट्या जोडल्या, रुंदी वाढवायला बाजूला कळ्या घातल्या. अंगात मात्र कधी घालायला लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझंच ऐकतेय, बाबा."

माझं म्हणणं आजही तेच आहे. पण मी बरोबर होतो, एवढ्यानं झगा वाढवत काढलेली तिची नऊ वर्षं हलकी होत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. अंगात ताप असताना कामावर गेली होती, दोन दिवसांत संपली. शवपेटीत ठेवण्याआधी तिला नेसवायला साडी शोधताना कपड्यांच्या पेटीतून झगा निघाला. नातीनं तो छातीशी धरला. "आजीनं माझ्यासाठीच शिवलाय ना? मी आज घालू?"

मित्रानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

बाप्तिस्म्याचं पाणी नाही, फादरची प्रार्थना नाही. आजीचा कपडा म्हणून पोरगी तो घालून कब्रस्तानात आली. बरोबर मापात बसला होता. शेवटची पट्टी तेवढी नुसती टाचलेली होती, मोठ्या मोठ्या कच्च्या टाक्यांनी. त्या टाक्यांशेजारी निळ्या अंगठ्याचा ठसा होता. लिंबानं हात घासायचं बळ त्या तापात तिच्यात उरलं नसावं.