चंद्रकळेची चाचणी

संशय हा माझा स्वभाव आहे आणि मला पगारही त्याचाच मिळतो. मी सॉफ्टवेअर तपासते. बाकीच्यांनी "झालं" म्हटलं की माझं काम सुरू होतं. त्यामुळे नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप माझ्याकडे वळवून नव्या कॅमेऱ्याचा आलेख दाखवला आणि "बघ, सावल्यांमध्ये किती स्वच्छ आहे!" म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी स्वच्छता मी फक्त पाहुणे यायच्या दिवशी घराघरांत पाहिली आहे, आणि तेव्हा पसारा कपाटात कोंबलेला असतो हेही मला माहीत आहे.

कॅमेरा हवा होता संक्रांतीसाठी. मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी साडी, अंगभर हलव्याचे पांढरे दागिने आणि फोटो. दागिने तिच्या सासूबाईंनी मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवले होते, ते इथे परदेशात, आमच्या बिशानच्या घरी येऊन पडले होते. साडी माझ्या आईची, चंद्रकळा. ती मुलीने आपणहून मागितली. एरवी साडीचं नाव काढलं की "आई, सो हॉट ला!" म्हणणारी पोरगी ती. मला त्याचंही नवल वाटलं.

मुलगी काहीतरी लपवत होती. लग्न झाल्यापासून ती आणि जावई बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. दिवाळीपर्यंत तिच्या फोनवर नुसत्या तक्रारी असायच्या. नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकतो, एलआरटीची छोटी गाडी फार डुलते, घरमालक नळ दुरुस्त करत नाही. मग एकाएकी तक्रारी थांबल्या. "सगळं मस्त आहे गं." खोदखोदून विचारलं तरी ताकास तूर लागू देईना. माझा नवरा म्हणाला, "संसारात रुळली, दुसरं काय." मला भीती वाटत होती. दोघांचं बिनसलं असेल का, कुणी आजारी असेल का, हेच दिवसभर डोक्यात घोळायचं.

तर कॅमेरा. एकाच फोटोत सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोखी जागा, दोन्ही शाबूत ठेवायच्या, ही कॅमेऱ्याची डायनॅमिक रेंज. उजळ जागा एकदा जळून पांढरी फटक झाली की गेलीच. काळोखातलं मात्र नंतर कॉम्प्युटरवर वर उचलता येतं. उचललं की त्याबरोबर दाणेदार कचरा वर येतो, त्याला नॉइज म्हणतात. कचरा कमी तो कॅमेरा चांगला, असं सगळे आलेख सांगतात. पण कचरा मुळात कमी आहे की कॅमेऱ्याने आतल्या आत पुसून टाकलाय, हे समजायला आलेख नीट वाचावा लागतो. या आलेखात काही बिंदूंची खूण वेगळी होती आणि खाली बारीक अक्षरांत त्याचा अर्थ दिला होता: इथे नॉइज पुसलेला असू शकतो. नवऱ्याने बारीक अक्षरं वाचली नव्हती. तो कधीच वाचत नाही.

पसंत नसेल तर परत करायच्या बोलीवर कॅमेरा घरी आला. मी चंद्रकळा खुर्चीवर पसरली आणि तिच्यावर हलव्याचा हार ठेवला. पांढऱ्यातलं पांढरं आणि काळ्यातलं काळं! कॅमेरा तपासायला आपल्याला विकतचा तक्ता हवाय कशाला? हलव्याचा काटा न् काटा दिसावा इतका उजेड कमी ठेवून आधी आमच्या जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढले, मग हार जरा सरकवून नव्याने. दोन्हींचे फोटो एकाच आकाराला आणले आणि काळोख वर उचलला.

जुन्यात दाणेच दाणे. शिवाय आडव्या फिक्या रेघा, तो त्याचा जुनाच आजार. नव्यात काळं कसं लोण्यासारखं मऊ. नवरा खूश. पण त्या साडीच्या पदराजवळ एक रफू आहे. आईने काळ्या धाग्याने काळ्यावर केलेलं, बोटाला लागतं पण डोळ्यांना सहज दिसत नाही. जुन्या कॅमेऱ्यातल्या दाण्यांमधून ते रफू दिसत होतं. नव्यातून ते साफ गेलं होतं.

"तुझ्या कॅमेऱ्याने माझ्या आईचं रफू खाल्लं," मी म्हणाले.

"रफू दिसलं नाही तर बरंच की!" नवरा म्हणाला.

तेवढ्यावर थांबले असते तर जिंकले असते. पण नव्याच्या त्या लोण्यात मला पांढरे ठिपके दिसले आणि मला चेव चढला. सेन्सरच खराब! मी दुकानाला रागाने तक्रार लिहिली, पाठवलीसुद्धा. संध्याकाळी साडी आवरायला गेले तर खुर्चीच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढली होती, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी एकेक मुंगी. इथल्या दमट हवेत हलवा पाझरतो. हार सरकवताना साखरेचे कण साडीला चिकटले होते. ठिपके सेन्सरचे असते तर कॅमेरा हलवल्यावरही चौकटीत त्याच जागी राहिले असते. कॅमेऱ्याचा दोष जागा सोडत नाही, समोरची वस्तू सोडते. इतकं साधं मी तपासलं नव्हतं.

नवऱ्याने ही गोष्ट इथल्या मराठी मंडळात चवीने सांगितली. "आमच्याकडे साखरेचे पिक्सेल मिळतात." लोक भेटले की मुंग्यांची चौकशी करायचे. मी हसून घेतलं, पण आतून फार लागलं. दुकानाची माफी मागितली, कॅमेरा ठेवून घेतला आणि ठरवलं, आता जरा विश्वास ठेवायला शिकायचं.

संक्रांतीला आम्ही बुकित पंजांगला गेलो. जावयाने दार उघडलं, वाकून नमस्कार केला, "आई, तिळगूळ घ्या," म्हणाला. त्याचा चेहरा ओढलेला होता. मी काही विचारलं नाही. मुलगी चंद्रकळा नेसून बाहेर आली आणि मला माझी आई आठवून भरून आलं. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं हलव्याचं. स्टूल मांडायची जागा तिनेच ठरवली, बेडरूमच्या अर्धवट उघड्या दारासमोर. आत दिवा बंद होता.

"अगं, मागे नुसता काळोख येतोय. दार तरी लाव," मी म्हणाले.

"असू दे गं. काळ्यावर काळं छान दिसतं."

बापाने नव्या कॅमेऱ्याने भराभर फोटो काढले. मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू पण काढ ना. तुझ्या जुन्या कॅमेऱ्याने." तो सवयीने माझ्या पिशवीत होताच.

घरी आल्यावर नवऱ्याचे फोटो आधी पाहिले. मागचा काळोख मखमलीसारखा, एक डाग नाही. मग सवयीने मी माझ्या फोटोतला काळोख वर उचलला. दाणे आले, आडव्या रेघा आल्या. आणि दारामागे, त्या कचऱ्यात, उभ्या कडा दिसल्या. एकावर एक चौकोन. वरच्या चौकोनावर एक चकचकीत पट्टी.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी दुसरा फोटो उघडला, त्यात कॅमेरा जरा डावीकडे वळलेला होता. आडव्या रेघा जागच्या जागी होत्या. चौकोन दाराबरोबर सरकले होते.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "मला काही दिसत नाही. साखर असेल." तो हसला आणि मीही हसले, कारण हसणं सोपं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. आणखी एक तक्रार खोटी निघाली तर, असं स्वतःला सांगत राहिले. रोज तो फोटो मात्र उघडून बघत होते.

रथसप्तमी जवळ आली तेव्हा साडी परत आणायच्या निमित्ताने एकटीच गेले. मुलीने चहा टाकला. बेडरूमचं दार आज बंद होतं. साडीची घडी माझ्या मांडीवर ठेवून ती समोर बसली.

"फोटो बघितलेस?"

"बघितले."

"तुझ्या कॅमेऱ्यातले? सावल्या उचलून?"

मी मान डोलावली.

"मग?"

"खोकी आहेत," मी म्हणाले. "पट्ट्या लावून बांधलेली."

तिचे डोळे भरून आले. जावयाचा इथे राहून नोकरी करायचा पास पुढे वाढवून मिळाला नव्हता. दिवाळीनंतरच कळलं होतं. मुंबईत नोकरी मिळाली होती, पुढच्या महिन्यात दोघं निघणार होते. बिनसलं काहीच नव्हतं, आजारी कुणी नव्हतं. फक्त माझी एकुलती एक मुलगी जाणार होती.

"कितीदा फोन केला तुला सांगायला," ती म्हणाली. "तोंडातून शब्दच फुटेना. 'मस्त आहे' म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. रफूची गोष्ट बाबांनी सांगितलीच होती. मग म्हटलं, दार उघडं ठेवू. आई काळोख उपसून बघितल्याशिवाय राहायची नाही." तिने नाक पुसलं. "मला वाटलं त्याच संध्याकाळी तुझा फोन येईल. रोज वाट बघितली गं. जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतलास, आणि नेमकं याच वेळी का नाही?"

साडीच्या घडीवरून हात फिरवताना रफू बोटाला लागलं.

"घेतला होता," मी म्हणाले. "पण कॅमेऱ्याचाच दोष निघावा असं फार वाटत होतं गं."